अकरा महिन्यांचा करार आणि अमेरिकेतलं एक ऑफिस

वरच्या खोलीतला मुलगा यवतमाळचा. राहायला आला तेव्हा रीतसर अकरा महिन्यांचा भाडेकरार केला होता. तो संपला, त्यावर तीन दिवाळ्या गेल्या. परवा जावई आले होते, त्यांनी कपाटातला कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "आई, हा करार कधीचाच मेला. नवा करा." मुलाला बोलावलं तर तो म्हणतो, "काकू, चालून तर राहिलं ना सगळं? भाडं पाच तारखेच्या आत देऊन राहिलो मी." देतो खरंच. वर माझा गॅस सिलेंडरही उचलून देतो.

मी 1982 साली ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा डाक-तार विभाग एकच होता. 1985 साली डाक वेगळी झाली, 2000 च्या ऑक्टोबरात आमचं बीएसएनएल झालं, आणि 31 जानेवारी 2020 ला सुमारे 78 हजार लोकांबरोबर मीही व्हीआरएस घेऊन घरी आले. पाटी बदलली, लेटरहेड बदललं, खुर्ची तीच. पण सवय गेलेली नाही. टेलिफोन खात्याची बातमी दिसली की मी थांबते, मग ती कुठल्याही देशाची असो. त्याच रात्री अमेरिकेतल्या एका विधेयकाबद्दल वाचलं आणि वरच्या खोलीतला करारच आठवला.

तिकडे एनटीआयए नावाचं ऑफिस आहे. 1978 साली वाणिज्य खात्यात सुरू झालं. दूरसंचार आणि इंटरनेटच्या धोरणावर राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणं हे त्याचं काम. दुसरं काम जास्त वजनदार: लष्कर, विमान वाहतूक, हवामान खातं अशी केंद्र सरकारची खाती ज्या रेडिओ लहरी वापरतात त्यांचं वाटप हे ऑफिस बघतं. खासगी कंपन्यांच्या लहरी एफसीसी नावाच्या दुसऱ्या सरकारी संस्थेकडे. म्हणजे एकाच वावराचा सातबारा दोन तलाठ्यांकडे. धुऱ्यावर भांडण होणारच.

या ऑफिसचा कायदा 1992 चा. त्यातल्या मंजुरीची मुदत संपली आणि पुढे त्याचं नूतनीकरण करायचं राहूनच गेलं, तीस वर्षांहून जास्त. मग ऑफिस चाललं कसं? तिथे पैसा दरवर्षी वेगळा मंजूर होतो आणि ऑफिसला अधिकार देणारा कायदा वेगळा असतो. पैसा येत राहिला की दार उघडं राहतं. भाडं पाच तारखेच्या आत! दरम्यान काम केवढं वाढलं. इंटरनेटच्या नावांच्या मूळ यादीवरची देखरेख 2016 पर्यंत याच ऑफिसकडे होती. 2021 च्या कायद्यानं खेड्यापाड्यांत ब्रॉडबँड न्यायला 42.45 अब्ज डॉलरही याच्याच हातात दिले. अंगावर मात्र सदरा 1992 चा.

आता नूतनीकरणाचं विधेयक. 2024 च्या मे महिन्यात प्रतिनिधीगृहानं मंजूर केलं, सिनेटमध्ये अडकलं, त्या संसदेचीच मुदत संपली, 2025 साली पुन्हा मांडलं. त्यात एक कलम असं की ऑफिसच्या प्रमुखाचा हुद्दा असिस्टंट सेक्रेटरीवरून अंडर सेक्रेटरी करायचा. (आपल्याकडे अंडर सेक्रेटरी म्हणजे अवर सचिव, डेप्युटी सेक्रेटरीच्याही खालचा. तिथे उलटं, तो असिस्टंट सेक्रेटरीच्या वर. मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं.) कुणालाही वाटेल, पाटी बदलण्यापलीकडे यात काय आहे? मला तर सगळ्या विधेयकात हेच कलम कामाचं वाटलं.

कारण 2020 चं प्रकरण. फाइव्ह-जीसाठी 3.7 ते 3.98 गिगाहर्ट्झ या लहरी एफसीसीनं लिलावात काढल्या. विमान जमिनीपासून किती उंच आहे हे सांगणारं यंत्र 4.2 ते 4.4 वर चालतं. सरकारच्याच विमान वाहतूक खात्यानं डिसेंबर 2020 मध्ये एनटीआयएकडे पत्र दिलं, की लिलाव पुढे ढकला, आमच्या यंत्रांना धोका आहे, हे एफसीसीला कळवा. एनटीआयएनं ते पत्र पुढे पाठवलंच नाही. लिलाव झाला, 81 अब्ज डॉलर आले. भांडण पेटलं ते जानेवारी 2022 मध्ये, टॉवर सुरू व्हायच्या तोंडावर. जगभरच्या कंपन्यांनी अमेरिकेच्या फेऱ्या रद्द केल्या. माझ्या भाचीचं तिकीट त्याच आठवड्यातलं. बॅगा भरून, लोणच्याच्या बरण्यांना टेप लावून बसली होती बिचारी.

आणि त्या काळात एनटीआयएला कायमचा प्रमुखच नव्हता! मे 2019 ते जानेवारी 2022, एकामागून एक हंगामी. हंगामी साहेब काय करतो हे सरकारी नोकरी केलेल्याला सांगावं लागत नाही. तो नस्ती, म्हणजे फाइल, खाली ठेवतो.

आमच्याकडे एकदा रस्ता खोदताना एका खात्यानं आमची केबल तोडली. सातशेच्या वर फोन मुके. आमच्या ज्युनिअर इंजिनिअरनं त्या खात्याला चार पत्रं लिहिली, मीच टाइप केली होती. उत्तर नाही. मग वरच्या साहेबांनी एक डी.ओ. लेटर, म्हणजे साहेबानं साहेबाला नावानिशी लिहिलेलं पत्र, पाठवलं. तोच मजकूर, फक्त खाली सही मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस खड्ड्याशी हजर. आमचा जॉइंटर म्हणाला, "बाप्पा! केबल आपण जोडून राहिलो, पण जोडली साहेबाच्या सहीनं."

आपला प्रश्न वेगळा होता. आपल्या तार कायद्याला मुदतच नव्हती. 1885 चा तो कायदा. ऑपरेटरनं कुणाचं बोलणं बाहेर सांगितलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, हे त्यातलं 26 वं कलम आम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. 2013 साली तार बंद झाली तरी तार कायदा चालूच. 2023 च्या डिसेंबरात नवा दूरसंचार कायदा संसदेत मंजूर झाला, म्हणजे 138 वर्षं. मी म्हणायची, मुदत असती तर कुणी आधीच उघडून बघितला असता. आता अमेरिकेकडे बघून ती खात्री राहिली नाही. मुदत संपली तरी कुणी बघत नाही, जोवर विमानं उभी राहत नाहीत.

मुलाला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काकू, भाडं वाढवून राहिल्या का?"

रविवारी एजंट आला, ऑनलाइन करार करायला, नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरी. यंत्रावर माझा अंगठा उमटेना. चौथ्यांदा उमटला तर त्याच्या मोबाइलची रेंज गेली. मग आम्ही तिघंही गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे दोन दांड्या येतात.