गेरू की रेड ऑक्साइड? चुन्यातल्या दोन लाल छटा

भिंतीला द्यायच्या चुन्याच्या रंगासाठी गिलाव्यावर केलेले नमुन्याचे चौकोन पूर्ण वाळले आहेत. चुन्यात गेरू फिक्या विटेच्या रंगाकडे गेला, रेड ऑक्साइड गुलाबीकडे. दोन्हींत रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणून चुन्यात दोन्ही टिकतात. पण गेरूत माती असते, त्यामुळे त्याचं बळ कमी. कारखान्यातलं रेड ऑक्साइड फार तीव्र, आणि त्यातही बारीक कणांचं पिवळसर दिसतं, मोठ्या कणांचं जांभळट. पूर्ण खोलीपुरतं एकाच पोत्यातलं घ्या.

प्रमाण असं: चुन्याची कोरडी पूड १ किलो, पाणी अडीच लिटर; हे मिश्रण रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचं. त्यात गेरू ८० ग्रॅम किंवा रेड ऑक्साइड २५ ग्रॅम. रंग आधी थोड्या पाण्यात वेगळा कालवून गाळायचा. रेड ऑक्साइडच्या गुठळ्या राहिल्या तर कुंच्याखाली फुटून भिंतीवर गडद रेघा उमटतात, आणि त्या पुढच्या हाताने, म्हणजे थरानेही झाकल्या जात नाहीत. छटा गडद हवी म्हणून रंग वाढवत नेऊ नका. चुन्याच्या दहा टक्क्यांपुढे तो धरला जात नाही, हाताला लागतो.

भिंत कोरी हवी. इमल्शनवर किंवा पीओपीवर चुना बसत नाही, पोपडे निघतात. आधी पाणी शिंपडायचं, मग दुधासारखे पातळ तीन-चार हात, दोन हातांमध्ये एक दिवसाचं अंतर. पंखा बंद. झटपट वाळला तर चुना घट्ट होण्याआधीच भुकटी होते. बादली सतत ढवळा, नाहीतर खाली बसलेला रंग शेवटच्या कोपऱ्यात डाग पाडतो. चुना डोळ्यांत उडू नये म्हणून संरक्षक चष्मा हवाच.

ओल्या रंगावरून निवड करणं व्यर्थ, वाळल्यावर तो खूप उजळतो. दिव्याचाही विचार करा: २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात गेरू नारिंगी झळकतो, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात तोच मातकट होतो. रेड ऑक्साइड पांढऱ्या दिव्यात थंड गुलाबी पडतं, म्हणून बैठकीच्या मोठ्या भिंतीला गेरूच. गोव्या-कोकणातलं कावी काम, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावरची लाल-पांढरी नक्षी, पाहिलेल्यांना चुन्याशेजारी हा लाल किती शोभतो ते सांगायला नको.

गेरू घेताना चिमूटभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. वरचं पाणी लालच राहिलं तर त्यात पाण्यात विरघळणारा दुसरा रंग मिसळलेला असण्याचा संभव आहे, आणि तसा रंग चुन्यात उडतो.

पुढची चाचणी: गेरूच्या दोन हातांवर रेड ऑक्साइडचा एक अगदी पातळ हात, जमिनीलगतच्या पट्ट्यासाठी.