तुम्ही विचारलंत म्हणून: "मग तुम्ही स्वतः का नाही झालात बॅले डान्सर?"

माझ्या बॅले क्लासच्या शनिवारच्या बॅचचे कुणी ना कुणी पालक दरवर्षी हे विचारतातच. क्लास सुटलेला असतो, एका हाताने मुलीची पाण्याची बाटली शोधणं चालू असतं आणि तेवढ्यात, "मॅडम, तुम्हाला लहानपणापासून एवढी आवड होती म्हणता, मग प्रोफेशनल का नाही झालात?" आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, खरा तोच असतो, की आमची होईल का. खाली वॉचमन लाइट घालवायला उभा असतो म्हणून मी "अहो मोठी स्टोरी आहे" म्हणून सटकते. तर आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

माझं खूळ सुरू झालं ते वहीच्या कव्हरवरून. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत वाढलेल्यांना 'सोव्हिएत देश' आठवत असेल, ते मासिक वाचायचं कुणीच नाही, पण कागद असा जाड आणि गुळगुळीत की वह्यांना कव्हर घालायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाबा रेल्वेत, युनियनमधले एक काका गठ्ठाच आणून द्यायचे. शेजारच्या मुलाच्या वहीवर ट्रॅक्टर आला आणि माझ्या इतिहासाच्या वहीवर पांढऱ्या झग्यातली एक बाई, एका पायाच्या अंगठ्यावर उभी. अख्खं वर्ष शिवाजी महाराजांच्या धड्यांवर ती उभी होती आणि मी घरात कपाटाला धरून तसं उभं राहायला बघायचे.

आईने मला कथ्थकला घातलं. गांधर्वच्या परीक्षा देत प्रवेशिका पूर्ण झाली, हात बरे होते, ताल पक्का होता, पण डोकं त्या बाईकडेच. आई म्हणायची, अगं आपल्याकडे एवढं आहे ना, ते काय वाईट आहे? माझं नशीब की तिला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती. रुक्मिणीदेवी अरुंडेल खुद्द आना पाव्हलोव्हाच्या, म्हणजे त्या काळच्या जगप्रसिद्ध रशियन बॅले नर्तकीच्या, नादाने बॅले शिकायला लागल्या होत्या, आणि त्या पाव्हलोव्हानेच त्यांना तुमच्या देशातला नाच बघा म्हणून सुचवलं, त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि पुढे १९३६ मध्ये मद्रासला त्यांची नृत्यसंस्था कलाक्षेत्र उभी राहिली. हे आईला कळलं असतं तर विषयच संपला होता.

मुंबईत बॅले तसा नवा नाही, तुष्ना डल्लास यांनी १९६६ मध्ये शाळा काढली तेव्हापासून आहे. पण होता तो दक्षिण मुंबईत, डोंबिवलीच्या मुलीला त्याचा पत्ता लागायलाच वर्षं गेली. मी एका छोट्या क्लासला जायला लागले तेव्हा चौदावं लागलं होतं. बाबांमुळे पास होता म्हणून प्रवासाचा खर्च नव्हता, नाहीतर तिथेच मिटलं असतं. व्हीटीला उतरून चालत जायचं, एका जुन्या इमारतीतला हॉल, लाकडी फ्लोअर, भिंतीला बार, म्हणजे धरून सराव करायचा दांडा, कोपऱ्यात टेपरेकॉर्डरवर पियानोची कॅसेट आणि आमच्या पारशी मिस, हातात काठी नाही पण आवाज तसाच. माझ्या वर्गात बाकीच्या मुली आठ-नऊ वर्षांच्या. मी त्यांच्यात उंटासारखी.

तर आता उशीर. सगळे विचारतात किती वयाला सुरू करावं. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकॅडमीत मुलं साधारण दहाव्या वर्षी घेतात आणि आठ वर्षं घासतात, पॅरिस ऑपेराची शाळा आठव्या वर्षापासून घेते, लंडनची रॉयल बॅले स्कूल अकराव्या. म्हणजे आपल्याकडे मूल पाचवीत असतं आणि स्कॉलरशिपला बसवायचं की नाही यावर घरात चर्चा चाललेली असते, तेव्हा तिकडे करिअर सुरू झालेलं असतं. आणि हे नुसतं सरावाचं गणित नाही, हाडांचं आहे.

बॅलेत उभं राहतात ते टाचेला टाच लावून, चवडे दोन दिशांना. याला टर्नआउट म्हणतात आणि सगळी इमारत याच्यावर. हे वळण पावलातून किंवा गुडघ्यातून काढायचं नसतं, खुब्यातून यावं लागतं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत कसा बसलाय, खोबण किती खोल आहे, हाडाची मान किती पुढे वळलेली आहे, हे ज्याचं त्याचं जन्माचं. लहानपणी वाढीच्या वयात थोडा वाव असतो, चौदाव्या वर्षी जवळजवळ नाहीच. स्ट्रेचिंग करून स्नायू सैल होतात, हाड थोडंच फिरतं. मग मुलं काय करतात, तर पावलं जमिनीला चिकटवून जबरदस्ती फिरवतात, वरून दिसतं एकशेऐंशी अंश, आणि आत गुडघ्याची वाट लागत असते.

आपल्या लोकांचा इथे हमखास गैरसमज होतो. "आम्ही मांडी घालून बसतो की, आमचे खुबे मोकळेच असणार." मलाही तेच वाटायचं, तासन् तास मांडी घालून जेवलेली माणसं आपण. पण मांडी घालताना खुबा दुमडलेला असतो, बॅलेत तो सरळ ठेवून फिरवायचा असतो. जमिनीवर पोटावर झोपा, गुडघा नव्वदात दुमडा आणि दुसऱ्या कुणाला तरी पाऊल हळूच आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, न्यायला सांगा, कंबर न उचलता. जिथे अडेल तेवढंच तुमचं टर्नआउट. माझं फार लवकर अडतं.

तरी मी पॉइंटपर्यंत, म्हणजे खास बूट घालून पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहण्यापर्यंत, पोहोचले आणि ते दिवस मी कशाच्याच बदल्यात देणार नाही. ते गुलाबी सॅटिनचे बूट तेव्हा इथे मिळायचे नाहीत, कुणाची तरी मावशी लंडनहून यायची तिला पायाचा कागदावर काढलेला आकार पाठवायचा. बरेच जण समजतात की पुढे लाकडाचा ठोकळा असतो. काही नाही, कापडाचे, कागदाचे थर आणि खळ, चिकटवून वाळवलेलं. लंडनच्या फ्रीड कंपनीत तर प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण तळव्यावर उमटवलेली असते आणि नर्तकी आपल्या कारागिराशिवाय दुसऱ्याचे बूट घालत नाहीत. आता अशी खळ आणि मुंबईचा जुलै. घामाने आणि हवेने पुढचा भाग दोन क्लासात भिजल्या पावासारखा मऊ व्हायचा. व्यावसायिक नर्तकीचा एक जोड एका प्रयोगात मरतो, कंपनी दुसरा देते. मला कोण देणार. मी बूट फ्रिजच्या मागे गरम हवेला लटकवायचे आणि मग मिसनी युक्ती सांगितली, शेलॅक लाव. शेलॅक म्हणजे काय हे शोधता शोधता आमच्या चाळीत टेबलाला पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रीकडे सापडलं, चपडी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. त्याने डबीत काढून दिली, बुटात कशाला घालतेस म्हणून दहा वेळा विचारलं. आत बोटाने लावायची, रात्रभर वाळवायची, सकाळी बूट टणक. घरभर फर्निचरचा वास. रिबिनी शिवायच्या जाड दोऱ्याने, टोकाला रफू करायचं म्हणजे घसरत नाही, नवा बूट असेल तर पायरीवर आपटून आपटून त्याचा आवाज मारायचा. आई दळण आणायला निघाली की शेजारच्या काकू विचारायच्या, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का?

मग एका वर्कशॉपला बाहेरून एक पाहुण्या शिक्षिका आल्या, मी सतरा वर्षांची. मला पुढे परदेशी ऑडिशन द्यायची आहे असं मिसनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला फ्लोअरवर झोपवलं, पाय हातात घेऊन फिरवून बघितला, एक, मग दुसरा. काही बोलल्या नाहीत. क्लास संपल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू खूप छान शिकवशील." बस. सतराव्या वर्षी हे वाक्य ऐकून काय होतं ते विचारू नका. लोकलमध्ये लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या बायकांच्या मध्ये बसून ठाण्यापर्यंत रडले, एकीने न विचारता बडीशेप दिली. पण आज विचाराल तर त्या बाईंइतकं सरळ मला कुणीच वागवलं नाही. "मेहनत कर, होईल" म्हणणं त्यांना किती सोपं होतं, आणि मग माझे गुडघे गेले असते.

आता तुम्ही लगेच म्हणणार, पण तो रिक्षावाल्याचा मुलगा? हो, दिल्लीचा कमल सिंग, वडील ई-रिक्षा चालवायचे, सतराव्या वर्षी सुरू केलं आणि २०२० मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला पोहोचला. आपल्या मुंबईचा आमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, येहुदा माओर यांच्या हाताखाली तयार होऊन २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलला गेला. मला दोघांचाही भयंकर अभिमान आहे. पण बातमी नीट वाचा. दोघांनाही असे गुरू भेटले ज्यांनी फीचा विचार न करता दिवसाचे कितीतरी तास दिले, कमलसाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. आणि दोघे मुलगे आहेत. हे बोललं की लोकांना राग येतो पण आहे ते आहे, बॅलेला मुलगे जगभर कमीच मिळतात, त्यांना पॉइंटवर चढायचं नसतं, उंच उडी आणि ताकद असेल तर शाळा उशिरा आलेल्यालाही घेतात. प्रसिद्ध रशियन नर्तक नुरेयेव्ह स्वतः लेनिनग्राडच्या बॅले शाळेत सतराव्या वर्षी गेला. मुलींच्या रांगेत मात्र एकीच्या जागेला शंभर उभ्या. मिस्टी कोपलँड तेराव्या वर्षी सुरू करून २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटर या कंपनीची प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य नर्तकी, झाली तर ती अजून बातमी आहे, यावरूनच समजा.

आणि प्रोफेशनल म्हणजे नक्की काय व्हायचंय, हेही एकदा बघा. तुमच्या डोळ्यांसमोर 'स्वान लेक' या हंसांच्या प्रसिद्ध बॅलेतली राणी असते, एका पायावर बत्तीस गिरक्या घेणारी. ती एक असते. मागे चोवीस हंस असतात, नोकरी त्यांची असते. राणी नाचत असताना ते बाजूला पाय मागे रोवून, मान तिरकी करून मिनिटं मिनिटं स्तब्ध उभे, पोटरीत गोळा आला तरी हलायचं नाही. रोज सकाळी क्लास, मग रिहर्सल, संध्याकाळी प्रयोग. महिन्याला पगार देऊन असे पन्नास-साठ नर्तक बाळगणारी क्लासिकल बॅले कंपनी भारतात नाही. म्हणून इथून हे स्वप्न बघणं म्हणजे मूल अकरा-बारा वर्षांचं असताना देश सोडायची तयारी, हे कुणी स्पष्ट बोलत नाही. (गंमत म्हणजे 'ला बायादेर' नावाचा १८७७ चा एक अख्खा प्रसिद्ध बॅले भारतात घडतो, देवळातली नर्तकी, राजकन्या, नाग, सगळं आहे, फक्त भारत कुठे दिसत नाही.)

वर हंसांची 'नोकरी' म्हटलं ते बाबांमुळे. २०१९ च्या डिसेंबरात पॅरिस ऑपेराच्या नर्तकी संपावर होत्या आणि त्यांनी थंडीत थिएटरच्या बाहेर पायऱ्यांवर स्वान लेकचा तुकडा नाचून दाखवला, तो व्हिडिओ मी बाबांना दाखवला. कशासाठी संप म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, पेन्शनसाठी, त्यांना बेचाळिसाव्या वर्षी रिटायर करून पेन्शन देतात ती सरकार काढून घेतंय. बाबा, जन्मभर युनियनवाले, तोवर त्यांच्या लेखी बॅले म्हणजे श्रीमंतांच्या मुलींचा टाइमपास. ताडकन उठून बसले. "मग बरोबर आहे त्यांचं!" आणि मला म्हणाले, हे तेव्हा सांगितलं असतंस तर पाठवली असती तुला.

मी बीकॉम केलं, नोकरी केली, लग्न, ठाणे. मध्ये बरीच वर्षं काही नाही. मग पस्तिशीला एका मोठ्यांच्या क्लासला सहज गेले, बारला हात लावला, पहिला प्लिये, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं, केला आणि लक्षात आलं की मला स्टेजची आठवण येतच नव्हती, कधी आलीच नव्हती. मला हे हवं होतं, सकाळचा क्लास, त्याच क्रमाने तेच, प्लिये, मग तांद्यू म्हणजे पाय जमिनीवरून ताणत नेणं, रोज थोडं कमी वाईट. ती कव्हरवरची बाई मला व्हायचंच नव्हतं बहुतेक, तिला तसं उभं राहता कसं येतं ते समजून घ्यायचं होतं. त्यानंतर शिकवण्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलं. पाहुण्या बाई बरोबर होत्या, थोडा राग अजून आहे.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल विचारलंत तर मी आधी बघते की बारवर, जिथे काही सुंदर दिसत नाही, तिथे ती कंटाळते का. फ्रॉकसाठी आलेल्या मुली दिवाळीपर्यंत गळतात, त्यात वाईट काही नाही. एखादी खरंच निघाली, खुबेही साथ देतायत असं दिसलं, तर मी स्वतः तुम्हाला बसवून सांगीन, खर्चासकट. आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

आणि प्लीज, पॉइंटचे बूट ऑनलाइन मागवू नका. अकरा-बाराच्या आधी नाही, दोन-तीन वर्षं नियमित क्लास झाल्याशिवाय नाही, आणि फिटिंग माणसाने पायात घालून बघितल्याशिवाय तर नाहीच नाही. गेल्या महिन्यात एक आई आठ वर्षांच्या लेकीसाठी घेऊन आल्या, दोन साइझ मोठे, "वाढत्या पायाचे". आधीच मागवले असतील तर रिटर्नची तारीख बघून घ्या.