हिप्परग्यातली एक रात्र आणि चिलापीचं तोंड

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाताना हिप्परग्याचा तलाव दरवर्षी दिसतो, पण दिसतो म्हणजे काय तर चांदण्यात लांबून चमकताना, हातात फुकटच्या चहाचा कप, पाय कुरकुरायला लागलेले आणि मागून कुणीतरी "चल की बे लवकर" म्हणून ओरडलालंय. थांबून असा कधी बघितलाच नव्हता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरात मोबाईल घेऊन लोळत पडलेली बघून बायको म्हणली कुठंतरी न्या यांना. उजनीला जायचं ठरत होतं, पण लांब पडतंय, आणि अण्णा म्हणले, "उजनी कशाला, हिप्परगा काय मेलाय का?"

अण्णा तरुणपणी पावरलूमवर होते. सुट्टी असली की बांबूची काठी सायकलला बांधून इथं गळ टाकायला यायचे. मित्राच्या सासऱ्यांचं शेत तलावाला लागूनच आहे, त्यांना विचारलं, ते म्हणले या की, बांधावर टाका तंबू, फक्त ज्वारीत पोरं सोडू नका. मासेमारीचा ठेका असतो तलावात, म्हणून तिथं जाळं टाकणाऱ्या एका मामांनाही विचारून घेतलं. ते हसले, गळानं किती धरणार तुम्ही, म्हणले.

बरोबरच होतं त्यांचं. मी ऑनलाईन घडीचा रॉड मागवलता, रीळवाला, पहिल्याच फेकीत दोरी बाभळीत अडकली आणि अर्धा तास ती सोडवण्यातच गेला. अण्णांनी तोवर पाटाच्या कडेला उकरून गांडुळं काढली, चपलेचा तुकडा कापून दोरीला बांधला (तरंगायला), आणि चार चिलाप्या (तिलापिया मासे) काढल्यासुद्धा. तळहाताएवढ्या. पोरगा नाचायला लागला. रीळ मी गुपचूप पिशवीत ठेवलं.

हा तलाव म्हणजे एकरूख तलाव, इंग्रजांच्या काळातला, १८७१ सालचा, अदिला नदीवर मातीचा बांध घातलाय दोन किलोमीटरपेक्षा लांब. सोलापूरला प्यायचं पाणी इथूनही येतं, त्यामुळं बायकोनं आधीच दम दिलता की भांडी तलावात घासायची नाहीत, साबण तर काढायचाच नाही. कॅन भरून घरून पाणी नेलतं. रात्री पिठलं, ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि उरलेल्या चकल्या. थंडी इतकी पडली की ऑनलाईनवाला स्लीपिंग बॅग बाजूला आणि सगळे चादरीत, सोलापुरात राहून वेगळं काय लागतं म्हणा. झोप मात्र कमीच, हायवेवरचे ट्रक रात्रभर ऐकू येतात, शांत शांत म्हणतात ते पहाटे चार ते सहा एवढंच.

पण सकाळची गोष्ट सांगायची होती मला. मामा ट्यूबवर बसून जाळं काढत काठाला आले, पोरगी धावत गेली बघायला. एक मोठी चिलापी हातात घेतली त्यांनी आणि तोंडाकडून हलकंच दाबलं, तर आतून राईच्या दाण्याएवढी पिल्लं बाहेर सांडली, पंधरावीस तरी असतील! पोरगी किंचाळलीच. मामा म्हणले, मादी अंडी तोंडातच ठेवते, पिल्लं फुटली तरी तोंडातच, बाहेर काही धोका दिसला की पिल्लं परत तोंडात शिरतात, आणि तोवर ती काही खात नाही फारसं. म्हणजे गळाला ती लागणारच नाही, जाळ्यातच सापडते. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ ला भारतात आणली, आणि पिल्लं अशी सांभाळत असल्यामुळंच इतकी वाढली असणार असं मला तरी वाटतंय. आता तलावात बघावं तिकडं तीच. पोरीनं हट्टानं ती परत पाण्यात सोडायला लावली. मामांनी सोडली, मी पन्नास रुपये देत होतो, घेतले नाहीत.

अण्णांच्या चार चिलाप्या मात्र बायकोनं तिथंच तव्यावर टाकल्या. पोरगी नुसती भाकरी चटणी खाऊन उठली.

येताना गाडीत अण्णा जुन्या गोष्टी काढत होते, आमच्या वेळी चिलापी कोण विचारत होतं, मरळ धरायचो आम्ही मरळ. मरळीची पिल्लं लालसर असतात, पाण्यावर घोळक्यानं फिरतात, आईबाप खालीच राखणीला असतात, त्या घोळक्यातच बेडकी लावून गळ सोडायचा, की मोठी मरळ चिडून झडप घालतेच.

"आणि मग पिल्लांचं?" पोरगी म्हणली.

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. मार्केट यार्ड येईस्तोवर कुणी काही बोललं नाही. गाडीत अजून वास येतोय, सीटखाली दोन लिंबं कापून ठेवलीत, काही फरक नाही.