साताचा बर्फ

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटर. मधल्या उंचीचं काय करायचं, हा विचार आम्ही तिघांनी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून सुरू केला आणि पाळणा थांबायच्या आत जायचं ठरूनही गेलं.

आमची सगळी चढाई सह्याद्रीतली. लिंगाणा झालेला, अलंग-मदन-कुलंग झालेलं. कातळ कळतो, पण बर्फ फक्त उसाच्या रसात बघितलेला. म्हणून अण्णांना गाठलं. अण्णांच्या हिमालयाच्या बऱ्याच वाऱ्या झाल्यात आणि संध्याकाळी ते सात रस्त्याजवळच्या टपरीवर हमखास सापडतात. सल्ला फुकट, चहा आपण पाजायचा.

"कधी जाताय?"

"सप्टेंबरअखेर. पाऊस संपलेला असतो, आकाश मोकळं."

"आणि क्रिव्हास, म्हणजे बर्फातल्या भेगा, त्या पण मोकळ्या. जूनच्या सुरुवातीला जावा. हिवाळ्याचा बर्फ अजून भेगांवर असतोय."

आमच्यातला एक शेतकरी घरचा. तो म्हणाला, "पण अण्णा, उघडी विहीर बरी की झाकलेली?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "म्हणून तर दोर बे. तिघांत दहा-बारा मीटर अंतर ठेवायचं. दोर जमिनीला टेकेल न टेकेल इतकाच ढिला. हातात वेटोळी घेऊन फिरायचं नाही. पुढचा भेगेत गेला की ती वेटोळी सुटेपर्यंत तो दोन मजले खाली."

मग कॅम्पवरून वाजलं. धुंदीहून बकरथाच, तिथून लेडी लेग, इथवर एकमत. तो कॅम्प ३,८०० मीटरच्या आसपास येतो. तिथूनच थेट शिखर करू, वर तंबू नेण्याची हमाली कशाला, असं माझं म्हणणं. अण्णांचं म्हणणं, वर अजून एक कॅम्प लावा, म्हणजे शेवटचा दिवस आखूड होतो. तीन हजारांच्या वर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच न्यायची नाही आणि मध्ये एक दिवस नुसता बसायचा, हेही त्यांनी दोनदा बजावलं. पण खरं भांडण झालं निघायच्या वेळेवरून. आम्ही पहाटे तीन म्हणत होतो, ते रात्री बारा.

"बारा वाजता? मग झोपायचं कधी?"

"कोजागिरीला तुळजापूरला चालत जाताना झोपता काय बे?"

यावर बोलायला जागाच नव्हती.

"सह्याद्रीत तुम्ही दगडावरचं दव वाळायची वाट बघता. तिथं उलटं आहे. रात्री गोठतो तोवर बर्फ आपला. ऊन पडलं की तो कुणाचाच नाही."

तयारीसाठी सोलापुरात चढ शोधणं हाच मोठा व्यायाम. रविवारी तुळजापूरचा घाट, बाकीच्या दिवशी आमच्या बिल्डिंगचे चार मजले. अण्णांची युक्ती अशी की पाठीवर पाणी वर न्यायचं आणि गच्चीवर ओतून रिकामं उतरायचं, म्हणजे गुडघे वाचतात. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात पाणी ओतायचं? मी पंधरा लिटरचा कॅन गच्चीवरच्या टाकीत रिकामा करू लागलो. पहाटे पाचला पाच फेऱ्या. शेजारच्या काकूंनी तर महिनाभरात माझ्या मोहिमेला पूर्ण पाठिंबा जाहीर केला.

कागदपत्रांचं विशेष काही नाही. मनालीतली नोंदणी गाईडने केली, आम्ही डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट घेतलं. त्यांनीच सल्फाची अ‍ॅलर्जी नाही ना विचारून डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी लिहून दिली. गोळीने बोटांना मुंग्या येतात हे सांगितलं होतं. रात्री तीन-तीनदा तंबूबाहेर जावं लागतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. सोबत पन्नास कडक भाकऱ्या आणि दोन किलो शेंगाचटणी. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने मनाली. चार हजार मीटरवर तोंड इतकं कोरडं पडतं की कडक भाकरी गिळवत नाही, पण सूपमध्ये चुरली की गाईडसुद्धा मागून खातो.

लेडी लेगवर सरावाचा दिवस होता. कातळावर बुटाचं टोक टेकवून चढायची आमची सवय. गाईड खालून ओरडत होता, "पूरा पैर रखो, पूरा!" क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, त्यांची तळाची सगळी टोकं एकदम रुतली पाहिजेत, त्यासाठी घोटा उताराकडे वाकवायचा. दुपारपर्यंत ते जमलं. आइस अ‍ॅक्स छातीखाली दाबून घसरण थांबवायचा सरावही झाला. सगळ्यांनी क्रॅम्पॉन काढून एका ढिगात टाकले आणि चहा प्यायला गेलो.

तो ढीग दुसऱ्या रात्री वरच्या कॅम्पवर भोवला. बारा वाजता बूट चढवले (मनालीतल्या एका दुकानातून भाड्याने घेतलेले, एक पुढ्यात तंग, दुसरा टाचेत ढिला) आणि क्रॅम्पॉन लावायला गेलो तर बसेनात. माझे गेले होते मित्राच्या पायात, त्याचे माझ्याकडे. माझा बूट सात नंबर, त्याचा दहा. अदलाबदल करून भागलं असतं, पण त्याने तोवर जोर लावून माझ्या क्रॅम्पॉनची पट्टी वाकवली होती. हेडलॅम्पच्या उजेडात, हातमोजे काढून, पिन एक भोक मागे घ्यायची. धातूला बोट लागलं की चटका बसतो, तव्याला लागल्यासारखा. ठोकून ठोकून पट्टी सरळ केली. दोराला अडकून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा दीड वाजला होता.

पुढचे सात तास सांगण्यासारखे नाहीत. वीस पावलं, थांबा, वीस पावलं, थांबा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो आणि ते प्रत्येक पावलाला कळतं. पावणेनऊला माथ्यावर होतो. समोर हनुमान टिब्बा, दुसऱ्या बाजूला देव टिब्बा आणि इंद्रासन. फोटो काढले. गाईडचं आमच्याकडे लक्षच नव्हतं, तो उताराकडे बघत होता.

उतरताना अण्णांचं ऊन भेटलं. ओला बर्फ क्रॅम्पॉनच्या टोकांमध्ये पिठाच्या गोळ्यासारखा बसतो. दोन पावलांत तळाशी गुळगुळीत लाडू तयार, टोकं आतच गडप. मग आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटावर ठोका मारून तो पाडायचा, परत दोन पावलं, परत ठोका. मध्येच गुडघ्यापर्यंत पाय आत. शेतकरी मित्र एकदा बसला तो घसरतच गेला, दोराने आम्हालाही हिसका दिला, पण त्याने अ‍ॅक्स दाबून धरली आणि तिघेही थांबलो. कुणीच बोललं नाही. एरवी दोन-अडीच तासांची उतरण, पण कॅम्पवर पोचायला एक वाजला. तंग बुटाने अंगठ्याचं नख काळंनिळं.

सोलापुरात परतलो तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. टपरीवर अण्णांना मोबाइल दिला.

"वर किती वाजता पोचलात?"

"सात," मी म्हणालो. बाकीचे दोघे चहात बघत राहिले.

अण्णांनी फोटोतले झेंडे, चेहरे, मागची शिखरं काहीच बघितलं नाही. दोन बोटांनी मोठं केलं ते आमच्या पायांजवळचं. बुटांभोवती चांगले घोट्याएवढे खड्डे पडले होते.

"साताचा बर्फ एवढं आत घेत नाही बे," ते म्हणाले. "नऊ?"

"पावणेनऊ."

"निघाला किती वाजता?"

मी चहा सांगायला उठलो.