जपानी अक्षरांची फ्लॅशकार्डं: दुसरा संच आणि कांजीची सुरुवात

जपानीच्या दोन उच्चारलिप्या, हिरागाना आणि काताकाना, यांची प्रत्येकी 46 कार्डं पूर्ण झाली, तीही दुसऱ्यांदा. पहिला संच मी स्केचपेननं लिहिला होता आणि शाई मागे उतरली होती. महिनाभर सराव केल्यावर लक्षात आलं, की ‘नु’ मी अक्षरावरून ओळखतच नव्हते, कोपऱ्यातल्या डागावरून ओळखत होते. पुस्तकात तेच अक्षर आलं की अडखळायचे. मग जाड कागद घेऊन सगळी कार्डं बॉलपेननं नव्यानं केली.

या वेळी मागच्या बाजूची रोमन लिपी काढून टाकली आणि उच्चार देवनागरीत लिहिले. याचा झालेला फायदा मला सगळ्यांना सांगायचाच आहे. ‘त’च्या ओळीतलं तिसरं अक्षर (tsu) रोमनमधून वाचताना मी ‘त्’ आणि ‘सु’ असं तोडून म्हणायचे. तो उच्चार तर आपल्या ‘चूल’मधला च! आणि त्याच ओळीतलं दुसरं अक्षर म्हणजे ‘चिमणी’मधला चि. ‘इ’ आली की च टाळूला लागतो, ‘उ’ आला की दातांमागे जातो. हे आपली जीभ लहानपणापासून करतेच आहे. आता त्या दोन कार्डांमागे फक्त ‘चिमणी’ आणि ‘चूल’ लिहिलंय.

दोन तिरक्या रेघांच्या अक्षरांची वेगळी कार्डं केली नाहीत. त्या रेघा दिल्या की क चा ग होतो, त चा द होतो, एवढं एका कार्डात मावतं. ह चा ब कसा होतो हे मात्र मला खुपत होतं. ओळींचा क्रम पाहा: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् या संस्कृतच्या जुन्या लिपीच्या अभ्यासातून हा क्रम जपानीत आला. ‘ह’ बसलाय बरोबर आपल्या प-वर्गाच्या जागी, कारण जुन्या जपानीत त्याचा उच्चार ओठांचा होता. हे कळल्यापासून ती ओळ एकदाही चुकलेली नाही.

काताकानातल्या ‘शि’ आणि ‘त्सु’नी फार वेळ खाल्ला. दोन छोट्या रेघा आणि एक लांब, दोन्हींत सारखंच. ‘शि’च्या छोट्या रेघा एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. ‘त्सु’च्या छोट्या रेघा शेजारी शेजारी आणि लांब रेघ वरून खाली येते. लांब रेघेची सुरुवात जिथून होते तिथे लाल ठिपका दिला आणि ही दोन कार्डं कायम लागोपाठ ठेवली. ‘न्’ आणि ‘सो’चंही तसंच केलं. पाठ झाल्यावर ठिपक्याविना दुसरी प्रत काढायची, नाहीतर पुन्हा डागाचीच गोष्ट.

कांजीत, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही अक्षरांत, जपानी शाळेतल्या पहिलीच्या 80 झाल्या, दुसरीच्या 160 सुरू आहेत. सुरुवातीला एका कार्डावर एक कांजी आणि मागे तिचे सगळे उच्चार लिहिले. ‘जन्म, जगणं’ या अर्थाच्या कांजीनं ती पद्धत मोडून काढली: ‘सेन्सेइ’त ती ‘सेइ’, ‘उमारेरु’त ‘उ’, ‘इकिरु’त ‘इ’, आणि एकटी आली तर ‘नामा’. आता एका शब्दाला एक कार्ड. संख्या वाढली, पण आठवणं सोपं झालं.

हाच संच अंकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपमध्ये भरून दोन मैत्रिणींना पाठवला. एकीनं विचारलं, “‘सरळ’ची कांजी तू चुकीची लिहिलीस का?” तिच्या फोनवर चिनी वळण दिसत होतं. जपानी वळणात डावीकडची उभी रेघ खाली वळून आडवी होते, चिनीत खाली नुसती आडवी रेघ असते. दोन्हींचा युनिकोड क्रमांक (संगणकात अक्षराला दिलेला क्रमांक) एकच आहे, त्यामुळे कोणतं रूप दिसेल ते फाँट आणि भाषा ठरवतात. कार्डाच्या साच्यात भाषा जपानी अशी नोंदवली आणि प्रश्न सुटला. तुमचे संच दुसऱ्यांना देण्याआधी ही एक कांजी त्यांच्या फोनवर उघडून बघायला सांगा.

छापील ‘सा’ आणि ‘कि’मध्ये खालचा बाक जोडलेला असतो, हातानं लिहिताना तो सुटा. या दोन्हींच्या हस्तलिखित प्रती करायच्या राहिल्यात, त्या या आठवड्यात.