चिंचेरोच्या अंगणात: लाल रंग, टकळी आणि हाडाची रुकी

पेरूमधल्या कुस्को शहरात उतरले त्याच संध्याकाळी एका दुकानातून ‘बेबी अल्पाका’ म्हणजे अल्पाका या जनावराच्या मऊ लोकरीची म्हणून शाल घेतली. चार दिवसांनी जवळच्या चिंचेरो गावातल्या विणकर मावशींनी तिची कड दोन बोटांत चोळली आणि नुसती मान हलवली. ॲक्रिलिक होती. तेव्हा आधी विणकाम बघा, खरेदी मागाहून.

उरुबांबाकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीने कुस्कोहून चिंचेरो साधारण पाऊण तास. गाव ३,७०० मीटरच्या वर आहे, कुस्कोपेक्षाही उंच. दोन दिवस कुस्कोत आराम करून, कोकाच्या पानांचा चहा पीत मग निघा. बहुतेक पर्यटक अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक बघून पुढच्या बसला लागतात. मी अर्धा दिवस मागून घेतला, आणि खरं काय ते त्या वेळातच दिसलं.

मावशींनी साक्ता नावाचं मूळ किसून पाण्यात घुसळलं. रिठ्यासारखा फेस आला आणि मळकट लोकर पांढरी झाली. मग निवडुंगावरचे वाळके करडे किडे, म्हणजे कोचिनील, तळहातावर चिरडले. हात रक्तासारखा लाल. त्यावर लिंबू पिळलं तर तोच रंग केशरी झाला! चिल्का या झुडपाच्या पाल्यात कोल्पा हे खनिज घालून उकळलं की हिरवा मिळतो. आपल्याकडचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेतलाच, हे तिथे बसून आठवलं.

सूत टकळीवर, चालता-बोलता. आपले धनगर कातायचे तसंच. मागाचं एक टोक खुंटाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. मावशी मागे रेलल्या की ताणा ताठ होतो. नक्षी कागदावर कुठेच नाही. उभे धागे मोजून उचलायचे, बाणा म्हणजे आडवा धागा घालायचा आणि रुकीने ठोकून बसवायचा. रुकी म्हणजे लामा या तिथल्या पाळीव जनावराच्या हाडाची टोकदार काडी. त्यांची वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. लिक्ल्या, म्हणजे खांद्यावरची शाल, पुरी व्हायला कित्येक आठवडे जातात.

गिरणीचं सूत आणि रासायनिक रंग आल्यावर हे सगळं मागे पडत चाललं होतं. याच गावच्या निल्दा काल्यान्याउपा यांनी सोबतिणींसह १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रकेंद्र उभं केलं. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून विसरलेल्या पद्धती पुन्हा शिकून घेतल्या. आता मुलंही शिकतात, सुरुवात हाकिमा या अरुंद पट्टीपासून. केंद्राचं दुकान आवेनिदा एल सोल रस्त्यावर आहे. तिथे वस्तूच्या चिठ्ठीवर विणणाऱ्या बाईचं नाव असतं आणि दुकानातच विणकरणी कामाला बसलेल्या दिसतात.

रोख सोल, म्हणजे पेरूचं चलन, जवळ ठेवा, सुटे असतील तर उत्तम. कापड उलटून बघा: हातमागावरची नक्षी मागच्या बाजूलाही स्वच्छ असते, फक्त रंग अदलाबदल झालेले. आणि कृपा करून घासाघीस करू नका. फोटो काढण्याआधी विचारा. बजेट कमी असेल तर चुंपी, म्हणजे कमरपट्टा, घ्या. मी लाल-केशरी घेतला, त्याच मावशींच्या हातचा.