उरलेली एक चौकट

ऑपरेशनची तारीख पुढे गेली, हा फोन पेशंटला कोणी करायचा याचा लेखी नियम आमच्या हॉस्पिटलात नाही. पण फिरून फिरून तो माझ्याच टेबलावर येतो. मी आहारतज्ज्ञ. वजन कमी करण्याच्या सर्जरीसाठी येणाऱ्या माणसांना आधी चार-सहा महिने आणि नंतर कितीतरी वर्षं सगळ्यात जास्त मीच भेटते, म्हणून असेल. शिव्याही मलाच.

एप्रिलमधला सोमवार होता. सोलापूरचं ऊन सकाळी दहालाच डोळ्यांवर येत होतं. अकरा वाजता ऑफिसातून निरोप आला : बाहेरगावाहून येणारे सर्जन बुधवारी येऊ शकत नाहीत, तिन्ही केसेस पुढे ढकलल्या, नवी तारीख कळवू. दोघांना फोन केले. एकाने ‘बरं’ म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याच्या बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात चूक काहीच नव्हतं. तिसरा नंबर अक्कांचा. तो मी तीनदा काढला आणि तीनदा फोन पालथा ठेवला.

अक्का म्हणजे पूर्व भागात कडक भाकरीचा घरगुती धंदा करणाऱ्या बाई. वय ४६. गल्लीच त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. पहिल्यांदा आल्या तेव्हा उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४५. दहा वर्षांचा मधुमेह आणि दोन्ही गुडघे गेलेले. पोराच्या कंपनीच्या विम्यात आई बसत होती, म्हणून सर्जरीचा विचार तरी झाला.

अक्कांची तारीख पुढे जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिली तारीख गेली ती तीन महिन्यांच्या साखरेमुळे. एचबीए१सी ९.४ आली आणि भूलतज्ज्ञांनी हात वर केले. ही तपासणी तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजते आणि त्या पेशी जगतात जवळपास १२० दिवस. आज गोड सोडलं म्हणून उद्या आकडा उतरत नाही, थांबावंच लागतं. अक्का थांबल्या, आकडा ७.६ वर आणला. दुसरी तारीख विम्याच्या कागदांनी खाल्ली. नियमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत काबूत नसलेला मधुमेह, हृदयविकार असं काही असेल, तर ही सर्जरी विम्यात बसते. पण आधी साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं. कंपनीने त्याचे पुरावे मागितले. भाकरी थापणाऱ्या बाईकडे ‘मी भात सोडला होता’ याचा कसला पुरावा असणार? माझ्या फाइलमधल्या नोंदी जोडून ते प्रकरण दीड महिन्याने सुटलं. आता ही तिसरी.

आणि या वेळी तर त्यांचे तेरा दिवस पातळ आहारावर गेले होते.

हा आहार लोकांना शिक्षा वाटतो. खरं कारण लिव्हरचं आहे. लिव्हरचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा पडलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरल्याशिवाय जठर दिसत नाही. वजन जास्त असलेल्यांचं लिव्हर बहुतेक वेळा चरबीने फुगलेलं, जड आणि नाजूक असतं. दोन आठवडे कमी उष्मांक, कमी पिष्ट आणि भरपूर प्रथिनं दिली की साठवलेली साखर, तिच्यासोबतचं पाणी आणि थोडी चरबी निघून जाते, लिव्हर आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. ताक, मुगाचं पातळ कढण, दुधातली प्रोटीन पावडर, एवढ्यावर माणूस दोन आठवडे काढतो. अक्कांनी ते दिवस चुलीसमोर बसून, दिवसाला दीड-दोनशे भाकऱ्या भाजत काढले. एकही न खाता.

फोनवर हे सांगणं मला जमेना. साडेपाचला ड्युटी संपवून स्कूटर अशोक चौकाकडे वळवली. असं घरी जाण्याची आमच्यात पद्धत नाही, हेही सांगून टाकते.

दारात यंत्रमागाचा खडखडाट, शेजारच्या शेडमधला. आत चूल पेटलेली. अक्का थापत होत्या, जाऊ भाजत होती. कडक भाकरी कशी होते हे सोलापुरात राहूनही मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ज्वारीची भाकरी आरपार दिसेल अशी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी टेकवून धगीवर वाळवायची. हाताने टिचकी मारली की पापडासारखी वाजली पाहिजे. भिंतीशी अशा वीसेक भाकऱ्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यापलीकडे एक पिशवी : दोन टॉवेल, चपला, स्टीलचा पेला, देवाच्या अंगाऱ्याची पुडी. भरून ठेवलेली.

आणि पिशवीच्या वर भिंतीला चिकटवलेला माझा कागद.

तो मीच मार्करने आखून दिला होता. चौदा चौकटी, रोज एक खोडायची, शेवटच्या चौकटीपुढे मोठ्या अक्षरात ‘ऑपरेशन’. तेरा चौकटींवर कोळशाने फुल्या मारलेल्या होत्या.

‘‘काय ओ मॅडम, एवढ्या उन्हात?’’ अक्का म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून थापायच्या थांबल्या. ‘‘गेली ना पुढं?’’

मी मान हलवली.

‘‘आता कधी?’’

‘‘अजून कळवलं नाही.’’

त्यांनी पिठाचा हात कागदाकडे केला. ‘‘मग ही एक चौकट र्‍हायलीय, तिचं काय करू? आता मोजू तरी काय मी?’’

मला उत्तर सुचलं नाही. सर्जन कसे अडचणीत आहेत वगैरे सांगायला लागले तर त्यांनी ऐकलंच नाही. कडेच्या रांगेतली एक भाकरी घेतली, मोडली, वर शेंगाचटणी घेतली आणि माझ्यासमोर खायला लागल्या. सावकाश. कडाकड आवाज करत. जाऊ त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती, मी आता ओरडणार म्हणून. मी ओरडले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं की तो कागद मी आखला होता. पहिल्या दिवसापासून प्रत्येक भेटीत मी त्यांना ‘ऑपरेशन झालं की’ एवढंच सांगत आले होते. ऑपरेशन झालं की गुडघे हलके होतील, ऑपरेशन झालं की गोळ्या उतरतील. सगळा धीर त्या एका तारखेच्या खुंटीला टांगलेला, आणि खुंटी माझ्या हातात नव्हती, त्यांच्याही नव्हती.

अर्धी भाकरी संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘पोरगा म्हणतोय, सोड आई ते ऑपरेशन, इंजेक्शनं निघालीत म्हणे वजनाची.’’ निघालीत खरी. २०२५ पासून सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड आपल्याकडे वजनासाठी मिळायला लागलीत, आमच्या ओपीडीत रोज कोणीतरी विचारतं. पण ती घ्यायची की नाही, सर्जरीच्या आधी की ऐवजी, हे डॉक्टरांनी ठरवायचं आणि दरमहा खर्च झेपेल का ते घरच्यांनी. तेवढंच सांगितलं. शेजारणीने तर निकालच लावला होता : तीनदा आडवं आलं, देवाच्या मनात नाही.

मग मी खाली बसले आणि कामाचं बोलले. पहिलं म्हणजे आजपासून पातळ आहार बंद. तारीख नसताना तो ताणला तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ऑपरेशननंतर उभं राहायला तेच लागतात. दुसरं, आहार सुरू करताना डॉक्टरांनी साखरेची एक गोळी अर्धी केली होती. आता जेवण वाढवायचं तर ती कशी घ्यायची ते विचारायला हवं. तिथूनच फिजिशियनना फोन लावला, त्यांनी सांगितलेला डोस जावेकडून वहीत लिहून घेतला. नवी तारीख आली की दोन आठवडे आधी पुन्हा ताक-कढण. मधल्या काळात दोन वेळा जेवण, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं, म्हणजे डाळ, मटकी, अंडी, दही, भाकरी एकच.

‘‘म्हंजे चूल विझवायची नाय, जाळ बारीक करायचा,’’ जाऊ म्हणाली. तिला माझ्यापेक्षा कमी शब्दांत जमलं. हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी पेशंटना माझं म्हणून खपवलंय.

पण मोजायचं काय, हा प्रश्न तसाच होता. अक्कांना मोजल्याशिवाय चालत नाही. सगळा धंदा शेकड्यात. चुलीशेजारच्या भिंतीवर खडूने कुणाच्या किती भाकऱ्या गेल्या त्याचा हिशोब असतो. मी सहज विचारलं, उभ्याने थापता की बसून? ओट्याजवळ उभ्याने सुरू करतात, गुडघा बोलला की पाटावर बसतात. किती झाल्यावर बोलतो? कधी मोजलं नव्हतं. आज? जाऊ म्हणाली, बावीस.

खडूने तिथेच लिहिलं : २२.

वजनाचंही ठरलं. रोज काट्यावर चढून रोज हिरमुसायचं नाही. कधी बघायचं, तर पाणी येईल त्या दिवशी. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, गावाबाहेरच्यांना हसू येईल, पण सोलापूरकर वारापेक्षा पाण्याच्या दिवसाने आठवडा मोजतात. त्या दिवशी घागरी चढवून झाल्या की कोपऱ्यावरच्या ज्वारीच्या दुकानात, पोत्यांच्या वजनकाट्यावर उभं राहायचं. दुकानदाराने पहिल्याच दिवशी ‘अक्का, एक क्विंटलला दीड किलो कमी’ असं जाहीर केलं म्हणे. अक्का दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

तिसरी गोष्ट मी हळूच घातली. ऑपरेशननंतर जे जन्मभर करायचंय त्याचा सराव आत्तापासून : घास लहान, चावून चावून, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून. कडक भाकरी आमटीत कुस्करून भुरकणाऱ्या गावाला हे सांगणं सोपं नाही. अक्का चिडल्या, मग करायला लागल्या, मग मधूनच विसरायला लागल्या. मे महिन्यात एका लग्नात पुरणपोळी आणि आमरस झाला, हेही त्यांनीच फोन करून सांगितलं. पुढचे दोन पाण्याचे दिवस काटा हललाच नाही. मला तेव्हा वाटलं होतं, गेलं सगळं. त्यांनी मात्र त्या पुरणपोळीचा विषय परत काढलाही नाही. भिंतीवर ४१ होते आणि त्यांना पन्नास हवे होते.

नवी तारीख जूनच्या शेवटी आली. या वेळी फोन लगेच केला. भिंतीवर तेव्हा ५८ होते, काट्यावर ९४.

‘‘अक्का, १५ जुलै पक्की. बुधवार. पहिल्या तारखेपासून पातळ सुरू करा.’’

पलीकडे बराच वेळ चूल धडधडल्याचा आवाज. मग अक्का जावेशी काहीतरी कुजबुजल्या.

‘‘मॅडम, गुरुवारी नाय का जमणार? बुधवारी पाणी येतंय.’’